चित्र मिलानमध्ये, आवाज न्यूयॉर्कमध्ये: ‘व्हाय बी गुड?’ सापडल्याची गोष्ट

1990 च्या दशकातली न्यूयॉर्कमधली गोष्ट. जुन्या चित्रपटांचं वेड असलेले दोघं जण बोलत होते. एक रॉन हचिन्सन, ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’ या संग्राहकांच्या मंडळाचे एक संस्थापक. दुसरे जो यरान्स्की, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात चित्रपटांचा विभाग सांभाळणारे आणि मूकपटांच्या काळातली मोठी तारका कॉलीन मूर हिचे स्नेही. बोलण्याच्या ओघात यरान्स्कींनी सांगितलं की मूरच्या 1929 सालच्या ‘व्हाय बी गुड?’ या चित्रपटाच्या आवाजाच्या तबकड्या आपल्याकडे आहेत, एखाददुसरी नाही तर सगळा संच. आणि चित्राची एकुलती एक प्रत इटलीतल्या एका संग्रहात आहे, हेही त्यांना ठाऊक होतं.

अमेरिकेत तोवर हा चित्रपट गेला असंच सगळे धरून चालले होते. हरवलेल्या चित्रपटांच्या याद्यांमध्ये त्याचं नाव होतं. प्रत्यक्षात त्याचं चित्र मिलान शहरातल्या ‘चिनेतेका इतालियाना’ या संस्थेच्या फडताळात होतं आणि त्याचा आवाज न्यूयॉर्कमधल्या एका माणसाच्या घरी. जात्याची एक तळी एका गावात आणि दुसरी दुसऱ्याच गावात असावी, तशी अवस्था.

2014 च्या उन्हाळ्यात इटलीतल्याच बोलोन्या शहरात, सापडलेल्या नि दुरुस्त केलेल्या चित्रपटांच्या वार्षिक महोत्सवात ‘व्हाय बी गुड?’ पुन्हा पडद्यावर आला. चित्र आणि आवाज एकत्र, 1929 साली होते तसे. त्या बोलण्यापासून या खेळापर्यंत साधारण दीड दशक गेलं. शोध म्हणावा तर तो एका वाक्यात लागला होता, वेळ खाल्ला तो पुढच्या कामाने. हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटलं ते त्यासाठीच.

आधी कॉलीन मूर कोण ते सांगायला हवं, कारण आज तिचं नाव फार थोड्यांना माहीत असतं. कपाळावर सरळ कापलेल्या बटा, कानाशी संपणारे आखूड केस, गुडघ्यापर्यंतचा झगा, रात्रभर नाचणारी आणि सकाळी कामावर जाणारी मुलगी, हे 1920 च्या दशकातल्या अमेरिकी तरुणीचं चित्र लोकांच्या मनात ठसवण्यात मूरचा वाटा फार मोठा आहे. तिथे अशा मुलींना ‘फ्लॅपर’ म्हणत. 1923 च्या ‘फ्लेमिंग यूथ’ने तिचं नाव झालं आणि 1926-27 च्या सुमारास थिएटरमालकांच्या दृष्टीने सर्वाधिक गल्ला आणणाऱ्या कलावंतांत ती पहिल्या ओळीत होती. फर्स्ट नॅशनल ही कंपनी तिला आठवड्याला 12,500 डॉलर देत असे. त्या ‘फ्लेमिंग यूथ’चं आज एक रीळभर चित्र उरलं आहे, सुमारे अकरा मिनिटांचं. ज्या चित्रपटाने एका पिढीची केशरचना बदलली, त्याचे आज अकरा मिनिटांचे अवशेष.

‘व्हाय बी गुड?’ म्हणजे ‘चांगलं वागायचंच कशाला?’. दिग्दर्शक विल्यम साइटर, कथा कॅरी विल्सन यांची. पर्ट केली ही एका मोठ्या दुकानात काउंटरवर काम करणारी मुलगी. नाचात पटाईत, बोलण्यात फटकळ, रात्री क्लबांत रमणारी. तिथे तिची गाठ पडते विन्थ्रॉप पीबडी ज्युनियर या श्रीमंत पोराशी. दुसऱ्या दिवशी कामावर उशीर झाला म्हणून तिला ज्या साहेबासमोर उभं करतात, तो हाच. दुकान त्याच्या बापाचं. बाप पोराला बजावतो, या आजकालच्या मुलींपासून सांभाळून राहा. मग तो पोरगा तिची ‘परीक्षा’ घ्यायला निघतो आणि तिथेच चित्रपटाची खरी ताकद दिसते. पर्ट गप्प बसत नाही. मुलींनी मोकळं वागावं असं पुरुषांनाच हवं असतं आणि तशी वागली की तिला नावं ठेवायलाही तेच पुढे, हे ती त्याला तोंडावर सुनावते. घरी तिचा बापही तिच्या कपड्यांवरून बोलतो, तेव्हा ती त्याला आठवण करून देते की हे 1929 साल आहे, 1899 नव्हे, आणि घरखर्चाला मीही पैसे घालते. हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा थांबवून पडद्यावरच्या संवादाच्या पाटीचा मजकूर पुन्हा वाचला होता. कमावत्या मुलीने बापाला असं सांगणं आजही कित्येक घरांत सोपं नाही.

नायक नील हॅमिल्टन. हाच पुढे 1960 च्या दशकातल्या ‘बॅटमॅन’ मालिकेत पोलीस कमिशनर झाला. पार्टीच्या गर्दीत, पुढे मोठी तारका झालेली पण तेव्हा कोणाला नाव माहीत नसलेली जीन हार्लो क्षणभर दिसते. शोधून पाहिली तरच सापडते.

चित्रपट आला 1929 च्या सुरुवातीच्या महिन्यांत. त्या काळात सहा महिने म्हणजे एक युग होतं. वॉर्नर ब्रदर्सने ऑगस्ट 1926 मध्ये ‘डॉन वान’ हा संगीत जोडलेला चित्रपट न्यूयॉर्कमध्ये दाखवला. ऑक्टोबर 1927 मध्ये ‘द जॅझ सिंगर’मध्ये गायक-नट अल जॉल्सन गायला आणि थोडं बोललाही. जुलै 1928 मध्ये ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’ हा संपूर्ण बोलता चित्रपट आला. त्याच वर्षी वॉर्नरने फर्स्ट नॅशनलवर ताबा मिळवला, म्हणजे कॉलीन मूरची कंपनीही आवाजवाल्यांच्या हाती गेली. ‘व्हाय बी गुड?’ नेमका या फटीत तयार झाला. त्यात कोणी बोलत नाही, संवाद पाट्यांवर वाचायचे. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाद्यवृंद वाजत असतो, गर्दीचा गलका ऐकू येतो, गाडीचा भोंगा वाजतो. मूकपटही नाही आणि बोलपटही नाही. अशा चित्रपटांचं आयुष्य फार थोडं होतं. वर्षभरात प्रेक्षकांना बोलणारी माणसं हवी झाली आणि हे चित्रपट जुन्या बाजारात गेले.

आता तबकड्यांचं तंत्र समजून घेऊ, कारण हे सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

वॉर्नरच्या या पद्धतीचं नाव व्हायटाफोन. तिच्यात आवाज फिल्मवर नसायचाच. तो वेगळ्या तबकडीवर. घरातल्या ग्रामोफोनच्या तबकडीपेक्षा कितीतरी मोठी, सोळा इंच व्यासाची, लाखेची तबकडी. घरातली तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई, ही 33 आणि एक तृतीयांश. फिल्मचं एक रीळ हजार फुटांचं, मिनिटाला नव्वद फूट या वेगाने ते सुमारे अकरा मिनिटं चाले आणि तबकडीची एक बाजूही तेवढीच वाजे. प्रत्येक रिळाला एक तबकडी. प्रोजेक्टर आणि तबकडीचं फिरतं तबक एकाच मोटरने फिरत, म्हणून दोघांचा वेग जुळे. ऑपरेटरने फिल्मवरची सुरुवातीची खूण केलेली चौकट फटीत बसवायची, तबकडीवरच्या बाणाजवळ सुई टेकवायची आणि मोटर सुरू करायची. सुई आतून बाहेर जाई, घरच्या तबकडीच्या बरोबर उलट. कारण पोलादी सुई वाजता वाजता बोथट व्हायची. आतल्या खाचा सगळ्यांत आखूड, तिथे आवाज टिपणं सगळ्यांत अवघड, म्हणून सुई ताजी असताना ते काम उरकून घ्यायचं.

तबकडीच्या लेबलवर बारीक चौकोन छापलेले असत. दर खेळाला एक चौकोन खोडायचा. वीसेक वेळा वाजली की तबकडी बाद, नवीन संच मागवायचा. अशा जुन्या लेबलांवर कधी सगळे चौकोन कोरे दिसतात, कधी तीन-चार खोडलेले, तर कधी सगळे खोडून झाल्यावर वरही रेघा मारलेल्या. एका छोट्या गावातल्या थिएटरवाल्याने तीच झिजलेली तबकडी किती दिवस ओढली असेल, ते त्या पेन्सिलीच्या रेघांत दिसतं.

आता यातली गोची पाहा. फिल्म तुटायची, हे रोजचंच होतं. मूकपट असता तर तुटलेल्या दोन चौकटी कापून बाकीची चिकटवली की झालं. व्हायटाफोनमध्ये जितक्या चौकटी कापल्या तितक्याच काळ्या चौकटी मध्ये भरायला लागत, नाहीतर तिथून पुढे आवाज मागे आणि चित्र पुढे. एका सेकंदात चोवीस चौकटी जातात. चोवीस चौकटी हरवल्या की दार आपटल्यानंतर सेकंदभराने आवाज येणार. तबकडी फुटली तर दुसरी येईपर्यंत खेळ बंद. 1930-31 पर्यंत सगळ्यांनीच आवाज फिल्मच्या कडेला उमटवण्याची पद्धत स्वीकारली आणि सोळा इंची तबकड्यांचा काळ संपला.

तो संपला तेव्हा एक वाईट गोष्ट घडली. चित्रपटाचे दोन अर्धे एकमेकांपासून सुटले. फिल्मच्या डब्याचा आकार वेगळा, तबकडीचा वेगळा, दोन्ही ठेवायच्या जागा वेगळ्या. दोघांचा मृत्यूही वेगळा. फिल्म नायट्रेटची, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, 1950 च्या सुमारापर्यंत हीच वापरात होती. ती पेट घेते आणि पेटली की विझत नाही. पेटली नाही तरी आपोआप कुजते: आधी चित्र फिकं पडतं, मग पृष्ठभाग चिकट होतो, मग फुगे येऊन मधासारखा द्रव झिरपतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. तबकडीला कुजण्याचं भय नाही, ती फुटते. फिल्म हळूहळू मरते, तबकडी एका क्षणात. म्हणून असे कितीतरी चित्रपट एका अंगाने उरले आणि दुसऱ्या अंगाने गेले.

हरवण्याचं प्रमाण किती, याचा एक भक्कम आकडा आहे. 1912 ते 1929 या काळात अमेरिकेत 10,919 मूक कथापट निघाले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात डेव्हिड पिअर्स यांनी मोजदाद केली, तेव्हा मूळ स्वरूपात संपूर्ण उरलेले निघाले 1,575, म्हणजे 14 टक्के. आणखी 11 टक्के पूर्ण आहेत, पण परदेशी आवृत्तीच्या किंवा कमी दर्जाच्या प्रतीच्या रूपात. बाकीचे बहुतेक गेलेच.

कॉलीन मूरला स्वतःला या नुकसानीची जाणीव होती. आपल्या चित्रपटांच्या प्रती तिने एका संग्रहालयाकडे सोपवल्या होत्या. वर्षानुवर्षं त्यांच्या नव्या प्रती निघाल्या नाहीत आणि लक्ष गेलं तोवर नायट्रेटने आपलं काम केलं होतं. तिने हौसेने बनवलेलं बाहुल्यांचं भव्य घर मात्र शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात 1949 पासून आहे, सुस्थितीत. त्या घराचं काम सुरू झालं 1928 मध्ये, जवळजवळ याच चित्रपटाच्या वेळी. बाहुल्यांच्या घरातली बोटभर पुस्तकं आजही पाहता येतात आणि ज्या चित्रपटांच्या कमाईतून ते उभं राहिलं, त्यांतले निम्मेअधिक पाहता येत नाहीत. मूर 1988 मध्ये गेली. ‘व्हाय बी गुड?’ परत आलेला तिने पाहिला नाही.

मग तो इटलीत कसा उरला? हा प्रश्न जितका रोचक तितकंच त्याचं उत्तर साधं आहे. अमेरिकी चित्रपटाची प्रत देशोदेशी फिरे आणि शेवटच्या गावी पोहोचली की ती परत मागवण्यात कंपनीला रस नसे. जुना झालेला चित्रपट, त्यात तो ज्वलनशील, त्याला जहाजाचं भाडं कोण देणार? म्हणून अमेरिकेत नामशेष झालेले चित्रपट प्राग, ॲमस्टरडॅम, मिलान, मॉस्को, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे सापडतात. ‘व्हाय बी गुड?’सोबत मिलानलाच मूरचा त्याच दिग्दर्शकाचा, त्याच वर्षीचा ‘सिंथेटिक सिन’ही निघाला.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. मिलानच्या संस्थेला आपल्याकडे काय आहे ते माहीत होतं. यरान्स्कींना आपल्याकडे काय आहे ते माहीत होतं. चित्रपट ‘हरवलेला’ होता तो फक्त दोघांच्या मधल्या जागेत. चित्र असलेल्याला आवाजाचा पत्ता नाही, आवाज असलेल्याने हाक द्यायची कोणाला हे ठरलेलं नाही. हचिन्सन आणि त्यांच्या चार मित्रांनी 1991 मध्ये व्हायटाफोन प्रोजेक्ट सुरू केला तो ही जागा भरण्यासाठीच. त्यांनी स्वतः काही शोधून काढण्याआधी एक साधं काम केलं: कोणाकडे कोणती तबकडी आहे याची यादी, आणि कोणत्या संग्रहात कोणतं मुकं चित्र पडून आहे याची यादी. मग दोन्ही शेजारी ठेवून जुळवणी. घराच्या माळ्यावरून, बंद थिएटरांच्या तळघरांतून, जुन्या ऑपरेटरांच्या कुटुंबांकडून तबकड्या निघू लागल्या. त्यांतून कितीतरी छोट्या चित्रपटांना त्यांचा आवाज परत मिळाला. अल जॉल्सनची 1926 ची ‘अ प्लँटेशन ॲक्ट’ ही छोटी फिल्म त्यातलीच. ‘द जॅझ सिंगर’च्या वर्षभर आधीची. चित्र लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये भलत्याच नावाच्या डब्यात होतं आणि तबकडी सापडली ती फुटून चिकटवलेली. ते तुकडे पुन्हा सोडवून, नीट जुळवून आवाज उतरवून घेतला गेला. त्यात जॉल्सन तोंडाला काळं फासून गातो, त्या काळातल्या अमेरिकी रंगमंचाची लाजिरवाणी रीत. ती पाहताना त्रास होतो. पण ती होती हे कळायलाही फिल्म असावी लागते.

‘व्हाय बी गुड?’च्या बाबतीत दोन नव्हे, तीन घरं होती. चित्र मिलानला, आवाज न्यूयॉर्कला आणि चित्रपटाचा वारसा वॉर्नरकडे, फर्स्ट नॅशनलची उत्तराधिकारी म्हणून. तिघं एका टेबलाशी आल्याशिवाय काही होणार नव्हतं. नायट्रेट फिल्म टपालाने पाठवता येत नाही, ती धोकादायक माल म्हणून हलवावी लागते. एकुलती एक प्रत कोणतीही संस्था सहजासहजी हातची सोडत नाही आणि सोडू नयेही. संग्राहकाला आपल्या तबकड्या कोणाच्या हाती देतोय याची खात्री हवी. आणि कंपनीपुढे सरळ सवाल: जिचं नाव लोक विसरले, त्या नटीच्या न बोलणाऱ्या चित्रपटावर खर्च करायचा तो वसूल कसा होणार? हचिन्सन यांनी पाठपुरावा सोडला नाही, हे या प्रकरणातलं सगळ्यांत मोठं काम. ते ना दिग्दर्शक होते, ना प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. ते विचारत राहिले. 2019 मध्ये ते गेले, तोवर त्यांच्या मंडळाने हजारो तबकड्यांचा माग लावला होता.

शेवटी चित्राची दुरुस्ती झाली ती बोलोन्यातल्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत. मिलानहून बोलोन्या फार लांब नाही, म्हणजे चित्राला महासागर ओलांडावाच लागला नाही, आवाज तेवढा त्याच्याकडे आला.

अशा जुळवणीत नेमकं काय करतात, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी फिल्मच्या कडेची छिद्रं तपासतात. ती फाटलेली असतील तर एकेक दुरुस्त केल्याशिवाय फिल्म यंत्रात घालता येत नाही. आकसलेली फिल्म आजच्या मापाच्या दात्यांवर बसत नाही, तिला वेगळं हाताळावं लागतं. मग प्रत्येक चौकट स्कॅन होते. चौऱ्यांऐंशी मिनिटांचा चित्रपट म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास चौकटी. ओरखडे, धूळ, कुजण्याचे डाग हे चौकटीगणिक पाहायचं. दुसरीकडे तबकडी. खाचेच्या मापाची सुई निवडायची, कारण झिजलेल्या खाचेत थोडी वेगळी जाडी ठेवली की न झिजलेल्या भागाला सुई टेकते आणि आवाज उजळतो. खरखर कमी करायची, पण इतकी नाही की ट्रम्पेटची धारही जावी. हा तोल कानाचा आहे, यंत्राचा नाही.

आणि मग दोघांची गाठ. इथे तबकडी मोजपट्टी होते, आणि मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. तबकडी कोणी मध्येच कापू शकत नाही. तिच्यावर जितकी मिनिटं आहेत तितकीच मूळ रिळात होती. चित्र तिच्याआधी संपलं, तर कुठेतरी चौकटी गेल्या आहेत. कुठे, तेही ती सांगते: दार आपटतं आणि आवाज उशिरा येतो, म्हणजे त्याआधी काहीतरी कापलं गेलं. कितीतरी दशकांपूर्वी कोण्या ऑपरेटरने घाईत जोडलेला तुकडा असा तबकडीमुळे पकडला जातो. आवाज नसता तर ती उणीव कोणाच्या लक्षातही आली नसती.

कोणी विचारेल, या चित्रपटात संवाद तर पाट्यांवर आहेत, मग तबकड्या नसत्या तरी काय बिघडलं असतं? कथा कळलीच असती. हे खरं आहे. दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या 1929 च्या ‘द डोनोव्हन अफेअर’चं तसं नाही. तो संपूर्ण बोलपट, चित्र आहे आणि तबकड्या गेल्या. आता पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवतात. 1992 पासून न्यूयॉर्कमध्ये कधी कधी नट थिएटरमध्ये बसून त्यांचे संवाद समोरच बोलतात, तेव्हा कुठे तो रहस्यपट उलगडतो. ‘व्हाय बी गुड?’ इतका लुळा पडला नसता.

तरी मी ठामपणे म्हणेन की तबकड्यांशिवाय तो अर्धाच परतला असता. मूकपटांना आज आपण पियानो लावतो किंवा नवं संगीत करून घेतो, चांगलं असतं ते. पण इथे क्लबमधला बँड पडद्यावर वाजतो आणि कानावर पडतो तो 1929 सालचा खरा जॅझ. तेव्हाच्या वादकांनी तेव्हाच्या वाद्यांवर, तेव्हाच्या नाचाच्या ठेक्यात वाजवलेला. पर्ट नाचायला उठते तेव्हा तिचे पाय त्या तालाशी जमतात. लोकांचा गलका, ग्लासांचा आवाज, शिट्ट्या. हा सूर आजचा माणूस कितीही अभ्यास करून बसवू शकत नाही, कारण आज तो आपल्याला ‘जुना’ वाटतो आणि त्यांना तो त्या आठवड्याचा होता. त्यातून त्या काळच्या पार्टीतली हवा कळते. पर्टला घरी का जावंसं वाटत नाही, ते त्या ट्रम्पेटने समजतं.

‘सिंथेटिक सिन’कडे पाहिलं की हा फरक आणखी उमगतो. त्याचं चित्र त्याच मिलानहून आलं, पण त्याच्या तबकड्या पुऱ्या मिळाल्या नाहीत. जो थोडा आवाज उरला आहे तो चालू होतो तेव्हा कान टवकारतात, आणि बाकीच्या वेळी तो नाही हे जाणवत राहतं.

या गोष्टीचा आपल्याशी एक खरा धागा आहे, तो इथे सांगायला हवा. याच काळात युनिव्हर्सल कंपनीने ‘शो बोट’ काढला. तोही आधी मूक, मग बोलके नि गाते प्रसंग जोडलेला, 1929 चाच. तो मुंबईत पाहून अर्देशीर इराणी यांच्या मनात बोलपट काढायचं आलं आणि 14 मार्च 1931 रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. नायक होता आपला मास्टर विठ्ठल. त्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज जगात कुठे सापडलेली नाही. इराणींनी जी यंत्रणा वापरली तिच्यात आवाज चित्रासोबत त्याच फिल्मवर उमटे. तांत्रिक दृष्ट्या ती पुढची पायरी होती. पण तिच्यामुळे आवाजाचा वेगळा अर्धा भाग कुठे शिल्लक राहण्याची वाटच बंद झाली. त्यातली गाणीही ग्रामोफोनवर निघाली नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी त्याचा मागोवा घेतला होता. फिल्ममधल्या चांदीसाठी रिळं गेल्याची हकीकत ते सांगत. चित्र आणि आवाज एकाच डब्यात होते, एकाच वेळी गेले.

मराठीचं नशीब थोडं बरं. ‘प्रभात’चा 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ पाहता येतो, ऐकताही येतो. आणि तबकड्या जपणारे आपल्याकडेही आहेत. मुंबईत 1990 मध्ये सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी भारतीय तबकडी संग्राहकांची संस्था सुरू केली, व्हायटाफोन प्रोजेक्टच्या एकच वर्ष आधी. तिच्या सभासदांनी नाट्यगीतांपासून जुन्या बोलपटांच्या गाण्यांपर्यंत काय काय जपलं आहे, हे तबकड्यांच्या बैठकांना गेलेल्यांना ठाऊक आहे. अर्थात आपल्या तबकडीवरचं गाणं बहुधा तीन मिनिटांसाठी वेगळं गाऊन घेतलेलं असे, ते फिल्मवर जसंच्या तसं बसणार नाही. तरीही एखाद्या हरवलेल्या बोलपटातलं संगीत कसं होतं, गाणाऱ्याचा गळा कसा होता, हे त्यातून कळतं. तिथेही यादी शेजारी यादी ठेवायचं काम खूप बाकी आहे.

कॉलीन मूरच्या गोष्टीला पुढचा एक भाग आहे, आणि तो बरोबर उलटा आहे. ‘व्हाय बी गुड?’नंतर 1929 मध्येच तिने दोन बोलपट केले, ‘स्मायलिंग आयरिश आइज’ आणि ‘फूटलाइट्स अँड फूल्स’. दुसऱ्यात ती बेट्टी मर्फी नावाची साधी मुलगी आहे, जी रंगमंचावर फिफी ही फ्रेंच गायिका बनून गाते. सोबत तरुण नट फ्रेडरिक मार्च. काही प्रसंग टेक्निकलर या दोन रंगांच्या रंगीत पद्धतीत होते. या दोन्ही चित्रपटांच्या तबकड्या आहेत. सुई टेकवली की मूरचा आवाज येतो. आधी बेट्टीचं नेहमीचं बोलणं, मग फिफीचे मुद्दाम वळवलेले फ्रेंच उच्चार, टाळ्या, मार्चचं उत्तर. ती कोणत्या रंगाच्या झग्यात उभी आहे ते दिसत नाही. त्या तबकड्यांचं चित्र अजून कोणत्याही डब्यात सापडलेलं नाही.